पैठणच्या रस्त्यावर गेलेलं इंजिन

मंगळवारी सकाळी माझा भाऊ चितेगावला वारला. एका कारखान्याच्या फाटकासमोर तो पिकअपमध्ये बसला होता. माल उतरवून झाला होता. इंजिन चालू होतं. वॉचमननं येऊन हाक मारली, मग खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि गाडी बंद केली. त्यानंतर त्यानं भावाच्याच मोबाइलवरून आम्हाला फोन केला.

घरात आम्ही तिघं राहत होतो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आणि मी. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. लग्न केलं नाही. बीड बायपासच्या पलीकडे भावानं घर बांधलं तेव्हा वरची खोली माझ्यासाठी काढली आणि विचारलंसुद्धा नाही की तुला यायचं आहे का. पुस्तकांचे खोके त्यानंच पिकअपमधून आणले होते.

ती पिकअप त्यानं जुनी घेतली होती. एका वर्कशॉपमधून लोखंडी सुटे भाग घ्यायचे, चितेगावच्या कारखान्यात पोचवायचे, तिथले रिकामे क्रेट परत आणायचे. रोज हेच काम. मालाची चलनं लिहिणं, फोन करणं, कुठल्या क्रेटमध्ये काय आहे ते ध्यानात ठेवणं हे भावजय बघायची. गाडी चालवायलाही ती शिकली होती. एका उन्हाळ्यात रविवारी रविवारी भावानं आम्हा दोघांना मोकळ्या मैदानावर शिकवलं. ती दोन आठवड्यांत शिकली. मी अजूनही गिअर बदलताना खाली बघतो. भाऊ शेजारी बसून म्हणायचा, "दादा, गिअर वाचायचा नसतो, टाकायचा असतो."

दहाव्याला पैठणला जायचं ठरलं. अस्थी अंगणातल्या शेवग्याच्या फांदीला टांगून ठेवल्या होत्या. गंगापूरकडून आलेले आमचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, घरातले आता सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "त्याला त्याच्याच गाडीतून न्यायचं. जिंदगीभर दुसऱ्याचा माल वाहिला पोरानं. आज त्याची गाडी त्याच्यासाठी चालंल."

सगळ्यांना ते पटलं. मग प्रश्न आला, चालवणार कोण? गाडी नीट चालवता येणारं माणूस घरात एकच उरलं होतं आणि ते आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलं होतं. तिचं नाव कोणी काढलं नाही. काढण्यासारखंही नव्हतं. नवरा जाऊन नऊ दिवस झालेली बाई गाडी चालवत घाटावर येते, हे त्या अंगणातल्या कुणाच्या मनातच आलं नसतं. माझ्या आलं. मी म्हणालो, "मी चालवतो."

निघताना भावजय स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. डोक्यावर पदर होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, रेडिएटर गळतो. गाडी पाणी पिते. चितेगावला टपरीपाशी थांबून एकदा पाणी बघा. सीटमागं कॅन भरून ठेवलाय."

"बघतो," मी म्हणालो.

बाकीची मंडळी एका जीपमधून पुढं निघाली. माझ्या शेजारी काका बसले. मांडीवर अस्थींचं मडकं, त्यावर पांढरं फडकं आणि फडक्याच्या गाठीवर त्यांचा अंगठा. मी चावी फिरवायच्या आधी ते म्हणाले, "हे बघ, अस्थी घेऊन निघालं की वाटंत थांबायचं नसतं. मडकं जिमिनीला टेकवायचं नाय आन् मागं वळून बघायचं नाय. थेट घाटावर."

मी मान हलवली.

हे सगळीकडे पाळतात की आमच्याकडेच, मला माहीत नाही. वाचनात कधी आलं नाही. पण आजोबांच्या वेळी बैलगाडी थांबली नव्हती आणि वडिलांच्या वेळी जीप थांबली नव्हती, एवढं काकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं.

चितेगाव जवळ आलं तेव्हा इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा नेहमीच्या जागेपेक्षा थोडा वर होता. ती टपरी लागली. टपरीच्या बरोबर समोर ते फाटक. वॉचमन खुर्चीवर बसला होता. तोच होता की दुसरा कोणी, मी बघितलं नाही. मी पुढचा रस्ता बघत राहिलो आणि गाडी पुढं गेली.

बिडकीन मागं पडलं तेव्हा काटा लाल पट्टीत गेला. मी म्हणालो, "काका, गाडी तापली आहे. पाच मिनिटं थांबावं लागेल."

"थांबायचं नाय म्हणलं ना."

"इंजिनला पाणी लागतं."

"पोहचू दे. घाटावर पान्याला काय तोटा हाय?" ते रागानं बोलले नाहीत. विनवणी केल्यासारखे बोलले. त्यांचा अंगठा गाठीवरून हलला नव्हता. ज्या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, त्याला मांडीवर घेऊन ते बसले होते. मी गाडी चालवत राहिलो.

थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. पार खाली, गाडी नुकती सुरू केल्यावर असतो तितका. काका वाकून बघत होते. म्हणाले, "बघ, उतरला का नाय?"

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

ढोरकीनच्या अलीकडे जळाल्याचा वास आला. मग बॉनेटखाली कोणीतरी हातोडीनं ठोकतं आहे असा आवाज. मग एक झटका बसला आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चावी फिरवली तर नुसतं टक् झालं. पुढं गेलेली जीप फोन करून परत बोलावली. काका मडकं हातातच धरून जीपमध्ये चढले. ते जमिनीला टेकलं नाही.

संध्याकाळी घाटावरचं उरकून आम्ही परतलो. पिकअप दुसऱ्या टेम्पोला दोर बांधून कुणीतरी घरी आणून सोडली होती. घर माणसांनी भरलेलं होतं. भावजयीनं गाडी बघितली, मग मला विचारलं, "पाणी बघितलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिथं दहा-बारा माणसं बसली होती. काका बसले होते. नाही म्हणालो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं. मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तेरावं कसं करायचं याची चर्चा निघाली आणि त्यानंतर रोज काहीतरी निघत राहिलं.

तिनं माझ्या "हो"वर विश्वास ठेवला. पाणी होतं तरी इंजिन गेलं, म्हणजे आधीच काही बिघडलं असणार, असं तिनं मनाशी धरलं. आणि बिघडवणारा माणूस एकच होता.

"तेल बदला म्हणून मी मागं लागले होते," ती भाजी निवडताना म्हणायची. "हो हो म्हणायचे. बदललं नसणार. जगाची कामं वेळेवर आणि स्वतःच्या गाडीचं उद्या."

भेटायला येणाऱ्या बायकांनाही ती हेच सांगायची. आधी हळू आवाजात, मग रागानं. "स्वतःच्या छातीत दुखतंय तेही नाही सांगितलं अन् गाडीचंही नाही सांगितलं. सगळं पोटात." त्या बायका म्हणायच्या, "पुरुषांचं असंच असतं गं." मी वरच्या खोलीत जायचो. जिन्यावरून सगळं ऐकू यायचं.

वर्कशॉपवाल्यानं निरोप पाठवला की तो महिनाअखेरपर्यंत दुसऱ्याचा टेम्पो लावतो, त्यानंतर त्याला पक्कं काहीतरी हवं. काकांनी फोनवर सांगितलं, "इकून टाक गाडी. भंगारात जाईल तेवढी जाईल. बाईमाणसानं टेम्पो चालवायचा व्हय?"

भावजयीनं माझ्या हातून फोन घेतला. "काका, टेम्पोला कुठं कळतं आत कोण बसलंय." मग म्हणाली, "इंजिन बदलून घेते. मला हेच काम येतं. दुसरं कुठलं शोधू?"

"लई हट्टी हाईस," काका म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"व्हय," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली.

गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री भावाचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. शहागंजला त्याचं लहानपण गेलं. आता बायपासच्या कडेला पत्र्याचं दुकान आहे. तिथं गाडी चार दिवस उभी करायला जागा नव्हती. शिवाय भावजयीला गाडी डोळ्यांसमोर हवी होती. म्हणून काम आमच्या अंगणात करायचं ठरलं. तो सकाळी सहाला यायचा, दहाला दुकान उघडायला जायचा.

दुसरं इंजिन आणायला मी त्याच्याबरोबर मोंढ्याच्या बाजूला भंगारवाल्यांच्या गल्लीत गेलो. एका अपघातात चेपलेल्या पिकअपचं इंजिन होतं. मिस्त्रीनं ते हातानं फिरवून बघितलं, तेलाची कांडी काढून वास घेतला, एका भोकावर अंगठा धरून पुन्हा फिरवलं. "दम आहे," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "सर, आता तुमचं काम."

माझं काम म्हणजे इंजिनावर कोरलेल्या नंबरवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासणं. आरटीओत तो ठसा लागतो. गाडी भावजयीच्या नावावर करायची होती, त्यात इंजिनाचा नंबर बदललेला, म्हणजे कागद दुप्पट. पेन्सिल घासली तसे काळ्यावर पांढरे आकडे उमटत गेले. मिस्त्री म्हणाला, "वा! आमच्यानं कधी असा साफ नै येत." त्या दिवसांत मला जमलेलं ते एवढंच काम.

जुनं इंजिन काढायला दोन सकाळी लागल्या. बॉनेट काढलं, रेडिएटर सोडला, नळ्या, वायरी. मी नट-बोल्ट ग्रंथालयातल्या जुन्या पाकिटांत घालत होतो. पुस्तकांच्या आतल्या बाजूला कार्डासाठी चिकटवतात ती पाकिटं. प्रत्येकावर लिहीत होतो, "डावीकडचा खालचा पाय, दोन", "स्टार्टर, तीन, एक लांब".

"सर, हे इंजन हाय, किताब नै," मिस्त्री हसून म्हणाला. "आमच्याकडं सगळं एका डब्यात. शेवटी दोन उरतात, ते खिशात टाकतो."

भावजय चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हणूनच तुमच्या गाड्या परत येतात मिस्त्रीभाई."

"आता भाभी, दोस्ताच्या गाडीत खिशात टाकेन का? पहिल्यांदा सगळे बसवीन, उरले तर पाकिटात टाकून सरला देईन."

बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

तीन लोखंडी पाइपांची घोडी उभी करून तिला साखळीची कप्पी लावली. मिस्त्री साखळी ओढत होता, मी इंजिन गाडीला घासू नये म्हणून हातानं लोटत होतो. ते वर आलं तेव्हा वाटलं त्याहून लहान दिसलं. अंगणात पोत्यावर उतरवलं. नव्या इंजिनाला काही वस्तू जुन्याच्याच लावायच्या होत्या, म्हणून जुनं उघडावं लागलं.

वरचा भाग, ज्याला ते हेड म्हणतात, तो निघायला तयार नव्हता. शेवटी निघाला. मिस्त्री उकिडवा बसून आत बघत राहिला. एका पिस्टनवर बोट फिरवलं. मग लोखंडी पट्टी हेडवर आडवी ठेवली आणि मला म्हणाला, "बघा." पट्टीखालून उजेड दिसत होता.

"वाकलंय," तो म्हणाला. मग रेडिएटर उलटा करून झटकला. टँकरच्या पाण्याचे पांढरे पापुद्रे पडले. पाण्याचा थेंब नाही. "सर, ही गाडी सूखी चालली. चांगला पाव घंटा. काटा लालमध्ये गेला असंल."

"गेला होता," मी म्हणालो. "मग आपोआप उतरला."

त्यानं वर बघितलं. "उतरणारच. पाणी संपलं की उतरतो. काटा पाण्याची गरमी सांगतो सर, लोखंडाची नै. पाणीच नै तर काय सांगेल?"

मी हातातलं पाकीट बंद केलं.

"थांबले नै?"

"काका म्हणाले, अस्थी घेऊन थांबायचं नसतं."

त्यानं पट्टी फडक्यानं पुसली. "आमच्यात पण बुजुर्ग लई काय काय बोलतात," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात भावजय रिकामे कप न्यायला आली. उघडलेलं इंजिन बघून थांबली. "काय झालं होतं, मिस्त्रीभाई?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी पाकिटावर काहीतरी लिहीत होतो.

"पुरानी थी भाभी," तो म्हणाला. "थक गयी."

"थकली नाही. थकवली." तिनं कप उचलले. "तेल किती काळं आहे बघा. मी म्हणत होते. सगळ्यांचं ऐकायचे, माझं सोडून."

ती आत गेली. मिस्त्री बराच वेळ पान्यानं नुसती जमीन खरवडत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, तेल जळून काळं झालंय. तो जाण्याच्या वीस दिवस आधी मीच बदललं होतं, माझ्या दुकानात. तो बाकड्यावर बसला होता, भजी खात." तो थांबला. "मी आज भाभीशी खोटं बोललो. एकदा बोललो. इल्जाम माझ्या यारवर गेला. दुसऱ्यांदा विचारलं तर मला नै जमणार."

"मी सांगतो," मी म्हणालो.

"मी बोला म्हणत नै. तुमी घरचे."

"सांगतो."

तिसरी सकाळ आली, तरी मी सांगितलं नव्हतं. नवं इंजिन उतरवताना गिअरबॉक्सचा दांडा आत जाईना. एक बोट अंतर राहत होतं. मिस्त्री खाली झोपून शिव्या देत होता, मग भावजय आहे हे लक्षात येऊन "तोबा" म्हणत होता. शेवटी तीच वरून वाकली, बारीक हात आत घातला आणि म्हणाली, "थोडं डावीकडं. अजून. भाऊजी, साखळी धरा, सोडू नका." इंजिन आत सरकलं. मिस्त्री खालून ओरडला, "या अल्ला, भाभी, दुकानात येता का कामाला?"

"तुमचे बोल्ट मोजायला?"

"हौ, पाकिटं घेऊन!"

मी साखळी धरून उभा होतो. तिच्या हातावर कोपरापर्यंत काळं तेल होतं आणि ती तिथं, त्या कामात, पहिल्यांदा दुःखातून बाहेर आल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, आता नको. इंजिन चालू होऊ दे. मग लक्षात आलं की दहाव्याच्या संध्याकाळपासून मी हेच म्हणत आलो आहे.

चौथ्या सकाळी सगळ्या नळ्या जोडून झाल्या. महिना संपायला तीन दिवस होते. नळाच्या पाण्याचा तो दिवस होता, पहाटेच टाकी भरली होती. भावजयीनं मिस्त्रीनं आणलेलं कूलंटचं हिरवं पाणी स्वतः रेडिएटरमध्ये ओतलं, सावकाश, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. तिनं ताटात हळद-कुंकू आणि नारळ आणून ठेवला होता.

"भाऊजी, नारळ तुम्ही फोडा," ती म्हणाली. "मी फोडला तर उद्या काकांपर्यंत जाईल." आणि रेडिएटरचं झाकण हातात घेऊन म्हणाली, "या इंजिनाची तरी हेळसांड होणार नाही. त्यांनी केली तशी."

मी नारळ हातात घेतला होता. तो परत ताटात ठेवला.

"त्यानं केली नाही," मी म्हणालो.

ती वळली.

"तेल त्यानं बदललं होतं. मिस्त्रीभाईंनीच बदललं. त्या दिवशी पाणी मी बघितलं नाही. काटा लाल पट्टीत गेलेला मला दिसला होता."

मिस्त्री उठला आणि फाटकाजवळच्या नळावर हात धुवायला गेला.

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो."

"थांबायला काय झालं होतं? मी सांगितलं होतं टपरीपाशी थांबा म्हणून."

"काका म्हणाले, वाटेत थांबायचं नसतं."

"आणि मग? गाडी थांबलीच ना?" तिचा आवाज चढला नाही. "हे असते तर थांबले असते. मडकं काकांच्या मांडीवरच राहू दिलं असतं आणि म्हणाले असते, काका, बसा, मी पाणी घालून आलो."

ते खरं होतं. भाऊ तसंच म्हणाला असता आणि काका बसून राहिले असते.

"काकांमुळं नाही," मी म्हणालो. मग जे मी स्वतःशीही म्हटलं नव्हतं ते म्हणालो. "काकांनी पुढं बिडकीनला अडवलं. चितेगावला त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. मला तिथं थांबायचं नव्हतं. त्या फाटकासमोर."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. आमच्याकडं मोठ्या दिराच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. तिनं त्या दिवशी दिला.

"मला आता रोज थांबायचं आहे तिथं, भाऊजी," ती म्हणाली.

मी ताटातला नारळ उगाच सरळ केला.

"इंजिनाचं राहू द्या. इंजिन काय, दुसरं आलं." तिनं झाकण लावलं, घट्ट पिळलं. "मी सव्वा महिना त्यांना बोल लावला. आल्यागेल्यापाशी, देवापाशी. झोपताना मनातल्या मनात भांडत होते त्यांच्याशी. तुम्ही जिन्यात उभं राहून ऐकत होतात. मला माहीत आहे, जिन्याची तिसरी पायरी वाजते."

ती गाडीत जाऊन बसली. मिस्त्री ओल्या हातांनी परत आला, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि हात वर करून खूण केली. तिनं चावी फिरवली. तीनदा नुसतं घरघरलं. चौथ्यांदा इंजिन लागलं. निळा धूर आला, मग कमी झाला. मिस्त्री बॉनेटखाली कान देऊन उभा राहिला आणि मान हलवत राहिला. नारळ तसाच ताटात राहिला. तिनं गाडी मागं घेतली, वळवली आणि बायपासकडं गेली. वीस मिनिटांनी परत आली. मिस्त्रीनं तेल बघितलं, पाणी बघितलं.

"हप्त्यानं एकदा दाखवा भाभी," तो म्हणाला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रात्रीपासून तिनं भेटायला येऊन गेलेल्या प्रत्येक बाईला फोन केले. मला जिन्यातून ऐकू येत होतं, पण या वेळी मी उभा राहिलो नाही, खोलीत गेलो. तरी काही शब्द आलेच. "नाही, त्यांनी वेळेवर बदललं होतं. मलाच माहीत नव्हतं." माझं नाव तिनं कुणापाशी घेतलं नाही. का घेतलं नाही, मी विचारलेलं नाही.

काका पुढच्या महिन्यात आले तेव्हा मी त्यांना काट्याचं सांगितलं. पाणी संपल्यावर तो का उतरतो तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अस्थी जिमिनीला नाय टेकल्या ना?"

"नाही टेकल्या."

"मंग झालं." पण ते जेवले नाहीत नीट. निघताना अंगणात पिकअपपाशी थांबले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. गाडी नुकतीच आली होती, बॉनेट गरम होतं. त्यांनी हात काढला नाही.

गाडीचे कागद आता भावजयीच्या नावावर झाले आहेत. आरटीओच्या सगळ्या खेपा मी घातल्या. सही करायला ती आली, सही केली आणि कामावर गेली.

ती रोज सकाळी सातला निघते. चितेगावला माल उतरवते, टपरीवर पाणी बघते, रिकामे क्रेट घेऊन दुपारी येते. मी संध्याकाळी ग्रंथालयातून येतो. ती माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते. कामापुरतं बोलते. भाऊजी म्हणते. माझा भाऊ आता नाही. गाडी चालते आहे.